बसकी गाडी, अकरा ढोल आणि हवेचे शॉकअप

मागच्या वर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी ढोलांचा सराव संपवून निघालो होतो. पार्किंगमधून रस्त्यावर उतरताना गाडीच्या मागून 'ठक्' असा आवाज आला. दगड उडून लागतो तसा नव्हे, घणाचा हलका ठोका बसावा तसा. पुढच्या स्पीडब्रेकरला परत एकदा. गाडी बाजूला घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि रस्त्यावर आडवं होऊन खाली बघितलं. चासीला खालून रबराचा बंपस्टॉप असतो, तो हाउसिंगवर, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आसाच्या जाड नळीवर, टेकलेलाच होता. मध्ये कागदसुद्धा सरकला नसता. हौद्यात अकरा ढोल, पाच ताशे, ध्वजांचे पाइप आणि पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी. गणपतीला सात आठवडे होते.

गाडी म्हणजे १९९८ सालची शेव्हरोले एस-टेन. १९८२ च्या मॉडेलपासून २००४ पर्यंत निघालेली ही छोटी पिकअप. माझी दुसऱ्या पिढीतली आहे: २.२ लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन, पाच गिअर, पुढे एकच सीट, मागे सहा फुटी हौदा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आल्यावर तिसऱ्या वर्षी २४०० डॉलरला घेतली. घेतली तेव्हाच ती बसकी होती. आधीच्या मालकानं पुढे दोन इंच आखूड स्प्रिंग टाकल्या होत्या आणि मागे तीन इंचांचे ठोकळे. इथं याला 'दोन-तीनचा ड्रॉप' म्हणतात.

ठोकळ्याचं काम समजून घेतलं की पुढचं सगळं कळतं. या गाडीत मागचं हाउसिंग पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, वर बसतं. पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये तीन इंचांचा ठोकळा घातला की हाउसिंग चासीकडे तीन इंच वर सरकतं, म्हणजे गाडी तेवढीच खाली बसते. पाटे तेच, त्यांची ताकद तीच. फक्त हाउसिंगला वर-खाली खेळायला जी जागा होती, त्यातली तीन इंच गेली. शिवाय आधीच्या मालकानं बंपस्टॉपचं रबरही निम्मं कापलं होतं. मी मोजलं तेव्हा रिकाम्या गाडीत रबर आणि हाउसिंगमध्ये पावणेदोन इंच उरले होते. सगळा खेळ त्या पावणेदोन इंचांतच.

बायको म्हणाली, "मग ते ठोकळे काढून टाक ना. गाडी पहिल्यासारखी उंच होईल, ढोलही नीट जातील." बरोबरच होतं तिचं. दोन तासांचं काम, खर्च फक्त नव्या यू-बोल्टांचा. पण मला ते करायचं नव्हतं, आणि का ते सांगायला हवं.

सॅन होजेच्या पूर्व भागात स्टोरी रोड आणि किंग रोड जिथं मिळतात तो चौक लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेल्या, गाड्यांसाठी साऱ्या कॅलिफोर्नियात ओळखला जातो. लोरायडरवरचं सगळ्यात नावाजलेलं मासिक १९७७ साली याच शहरात सुरू झालं. आमच्या शेजारी साठीच्या पुढचे एक मेक्सिकन गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना तिओ म्हणते, तिओ म्हणजे काका, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६४ ची इम्पाला आहे. रविवारी ते तिचं क्रोम पुसतात तेव्हा आमच्या घरी वसुबारसेला आजी गाईच्या पाठीवरून हात फिरवायची तो हात आठवतो. त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली मेक्सिकन-अमेरिकन पोरं डिकीत वाळूच्या गोण्या टाकून गाड्या खाली बसवायची. बाकीचे गाड्या उंच आणि वेगवान करत होते, हे खाली आणि सावकाश जात होते. मग १९५८ पासून राज्यात कायदाच आला की गाडीत फेरफार करून तिचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायचा नाही. त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या जुन्या भागांमधले हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, कायदा खूश. परत दाबलं की खाली. सगळे लोरायडर पुढे त्याच वाटेनं गेले. तो कायदा २०२३ साली रद्द झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून बसकी गाडी चालवणं गुन्हा राहिला नाही. शहरानं सावकाश फेऱ्या मारण्यावरची बंदी त्याआधीच, २०२२ मध्ये, उठवली होती.

ज्या गल्लीत लोकांनी साठ-पासष्ट वर्षं झगडून गाडी खाली ठेवली, तिथं मी ठोकळे काढून ती वर करावी हे मला पटत नव्हतं. शिवाय ती बसकी छान दिसते. हौद्याची वरची कड माझ्या कमरेखाली येते, ढोल चढवताना पाठ वाकत नाही, हा फायदाही आहेच.

म्हणजे प्रश्न असा झाला: रिकामी असताना गाडी आहे तिथंच राहावी, आणि ढोल चढले की खचू नये. बजेट २५० डॉलर. त्याच महिन्यात मुलीच्या दातांच्या तारांचा पहिला हप्ता होता, त्यामुळे त्यावर एक डॉलर नाही.

हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग सस्पेन्शन, हा उत्तम उपाय. पण चारी चाकांना चांगलं करायचं तर दोन-तीन हजार डॉलर सहज, आणि हाउसिंगला जागा मिळावी म्हणून चासीला खालून अर्धगोल खाच पाडून ती मजबूत करायला लागते. जादाचा पाटा टाकला तर वजन पेलेल, पण रिकामी गाडी उंच आणि कडक होईल. राहिले एअर शॉक. इथल्या जुन्या मिनी-ट्रकवाल्यांचा हा हक्काचा मार्ग. नेहमीच्या शॉकअपच्या नळीभोवती रबराची बाही असते, तिच्यात हवा भरली की शॉकअप लांब होऊ पाहतो आणि गाडीला वर ढकलतो. मनरो आणि गॅब्रिएल या दोन्ही कंपन्यांचे मिळतात, जोडी शंभर डॉलरच्या आसपास.

ऑर्डर देण्याआधी मी मामांना फोन केला. मामांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गॅरेज आहे. दहावीनंतरच्या सुट्टीत मी तिथं पाने धुतलेत आणि पाट्यांना ग्रीस लावलंय. मी सगळं सांगितलं. मामा जरा वेळ गप्प राहिले.

"अरे, शॉकअप काय वजन उचलायला असतोय व्हय? त्यो उडी मोडायला असतोय. वजन पाट्यानं उचलायचं."

"मामा, इथं मिळतात तसे. हवेचे."

"मिळत असतील. पण त्याचा ब्रॅकेट कुणी केलाय? शॉकअपसाठीच केलाय न्हवं? त्याला वजनाची सवय न्हाई. ते आधी बघ."

मी ते आधी बघितलं नाही. मी लांबी बघितली.

लांबीही तितकीच महत्त्वाची आहे, आणि बसक्या गाडीत नव्वद टक्के लोक तिथंच फसतात, म्हणून ती सविस्तर सांगतो. कॅटलॉगमध्ये तुमच्या गाडीसाठी जो एअर शॉक लिहिलेला असतो तो कंपनीच्या मूळ उंचीसाठी असतो. तुमची गाडी तीन इंच खाली आहे, म्हणजे तो शॉकअप उभ्या गाडीतच तीन इंच दाबलेला राहणार. म्हणून टेप घेऊन खाली जायचं आणि तीन मापं घ्यायची, वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत. एक, गाडी चाकांवर उभी असताना. दोन, हाउसिंग जॅकनं वर घेत बंपस्टॉपला टेकवून. तीन, चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आणि हाउसिंग मोकळं लोंबत ठेवून. या तिसऱ्या मापाच्या वेळी ब्रेकच्या होजवर नजर ठेवा, तो ताणला जायला नको.

माझी मापं: उभी असताना सव्वाबारा इंच, टेकल्यावर साडेदहा, लोंबत साडेसोळा. आणि जो एअर शॉक मी बघत होतो तो पूर्ण मिटल्यावर बारा इंच, पूर्ण उघडल्यावर साडेएकोणीस. म्हणजे तो तसाच बसवला असता तर खड्ड्यात गेल्यावर पाव इंचातच त्याचा पिस्टन आत तळाला आपटला असता. बंपस्टॉपचं काम शॉकअपनं केलं असतं, आणि असा शॉकअप महिनाभरही टिकत नाही.

यावर उपाय म्हणजे शॉकअपचा खालचा डोळा (बोल्ट घालायची कडी) जिथं बसतो ती जागा दोन इंच खाली आणायची. त्यासाठी पट्टीचे ब्रॅकेट मिळतात, इथं त्यांना एक्स्टेंडर म्हणतात. दोन इंच खाली आणल्यावर मापं सव्वाचौदा, साडेबारा आणि साडेअठरा झाली. बाराचा शॉकअप साडेबारात मावतो, अर्धा इंच शिल्लक. साडेएकोणीसचा साडेअठरापर्यंत उघडतो, एक इंच शिल्लक. कागदावर हे जमल्यावर मला फार समाधान वाटलं. शॉकअपची जोडी १०९ डॉलरला आली, ऑनलाइन एक्स्टेंडरची जोडी २८ ला.

बसवायचं काम एका शनिवारी ड्राइव्हवेवर केलं. बुधवार आणि शुक्रवारी रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. या गाडीत शॉकअप वर दोन बोल्टांनी चासीला धरलेला असतो आणि त्या बोल्टांच्या नटा आतून वेल्ड केलेल्या असतात. बोल्ट तुटला किंवा नट सुटून फिरायला लागली तर अख्खा दिवस गेला. म्हणून घाई करायची नाही. पाव फेरी सोडायचा, परत आवळायचा, तेल, परत सोडायचा. पाना हातात असताना बोल्ट 'कुर्र' करून सुटतो आणि 'कट्' करून तुटतो, आणि त्या दोन्हींच्या आधी पान्याच्या दांड्यातून हाताला जे कळतं ते मी उद्यमनगरात शिकलो. चारही बोल्ट अखंड निघाले.

खालचा बोल्ट तेव्हाच शेवटचा आवळू नका. आधी गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. नाहीतर डोळ्यातलं रबर पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतं आणि लवकर फाटतं.

हवेच्या नळ्यांनी मला खरा दम दिला. पेन्सिलीपेक्षा बारीक नायलॉनची नळी असते. तिच्या टोकाला छोटी रिंग, रबराची ओ-रिंग आणि वरून नट. दुसऱ्या टोकाला टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह. सायलेन्सरपासून लांब, चासीच्या आतल्या कडेनं, दर फुटाला एक पट्टी बांधत मी नळ्या मागच्या बंपरपर्यंत नेल्या. ९० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंडांत मोजलेला दाब) हवा भरली आणि जेवायला गेलो. सकाळी बघतो तर ६०.

मग भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत बसलो. शॉकअपजवळचे दोन्ही जोड कोरडे. उजवा व्हॉल्व्ह ठीक. डाव्या व्हॉल्व्हच्या नटापाशी आधी काहीच दिसलं नाही. डोळे बारीक करून मिनिटभर तसाच पडून राहिलो. मग नटाच्या एका कोपऱ्यावर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, बसला. त्याच्या शेजारी दुसरा. हळूहळू तिथं निरशा दुधाच्या धारेखाली येतो तसा पांढरा बारीक फेस जमायला लागला. नट उघडून नळी बाहेर काढली. मी ती पक्कडीनं तोडली होती. टोक तिरकं कापलं गेलं होतं आणि गोलाऐवजी लांबट झालं होतं, त्यामुळे ओ-रिंग एका बाजूला टेकतच नव्हती. नव्या ब्लेडनं, लाकडाच्या तुकड्यावर ठेवून, काटकोनात कापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ९० वरच.

किटबरोबर एक टी-जोड येतो, दोन्ही शॉकअप एकाच व्हॉल्व्हला जोडायला. तो वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मी पहिल्या दिवशी वापरला. हायवेवरून उतरायच्या गोल वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकली. तिकडच्या शॉकअपवर भार आला, त्यातली हवा नळीतून आतल्या बाजूच्या शॉकअपमध्ये गेली, आणि ज्याला उभं राहायला हवं तोच बसला. वळण संपेपर्यंत स्टिअरिंग घट्ट धरून होतो. घरी येऊन टी काढला, नळीचा जादा तुकडा सहा डॉलरला आणला आणि डावी-उजवी वेगळी केली. आता नंबरप्लेटच्या दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह आहेत.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग माझ्या मनात आलं, रिकाम्या गाडीत भरपूर हवा भरून बघू, किती वर येते ते. खोक्यावर जास्तीत जास्त १५० लिहिलेलं होतं, म्हणून मी १२० भरली. गाडी दोन इंच वर आली. तशीच एक चक्कर मारायला निघालो. गाडी अशी कडक झाली होती की रस्त्यातला प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येत होता. रेल्वेचे रूळ ओलांडताना मागून 'खण्ण' झालं.

उजवा एक्स्टेंडर वाकला होता. चांगला वीस-पंचवीस अंशांत आतल्या बाजूला वळला होता आणि शॉकअप तिरका होऊन त्याची बाही ठोकळ्याच्या कडेला घासत होती. अजून मैलभर गेलो असतो तर फाटली असती.

त्या संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि मामा काय म्हणत होते ते आकड्यांत मांडलं. जोडीनं १२०० पाउंड पेलतात असं कंपनी सांगते, म्हणजे एकेकाला ६००, तेही १५० पीएसआयला. ६०० भागिले १५०, म्हणजे हवा साधारण चार चौरस इंचांवर ढकलते आहे. १२० पीएसआयला एका शॉकअपचा जोर झाला ४८० पाउंड, आणि तो दिवसरात्र, गाडी उभी असतानाही. साध्या शॉकअपचा ब्रॅकेट फक्त धक्क्यापुरता ताण सोसतो, एरवी तो रिकामाच असतो. त्यात बाहीतली जागा एवढीशी. रुळांवर हाउसिंग वर आलं, ती जागा अजून कमी झाली, दाब त्याच क्षणी कितीतरी वाढला. आणि हे सगळं एकाच बाजूनं धरलेल्या पट्टीवर, मूळ बोल्टापासून दोन इंच लांब. ती पट्टी विकणाऱ्याचा दोष नाही. ती साध्या शॉकअपसाठी होती, आणि मामांनी नेमकं तेच विचारलं होतं.

वाकलेली पट्टी घेऊन तिओंकडे गेलो. त्यांनी ती शिकंज्यात धरली, पुढचं टोक बोटांनी हलवलं, मग मला अंगणातल्या फाटकापाशी नेलं. एका बिजागरीवर लोंबणारं फाटक कसं खाली ओढलं जातं ते दाखवायला त्यांनी खालच्या बिजागरीची खीळ काढली आणि फाटक माझ्या हातात दिलं. बास, एवढंच. मग आम्ही पाव इंच जाडीच्या पत्र्यातून नवे ब्रॅकेट कापले. प्रत्येकाला दोन गाल, म्हणजे शॉकअपचा डोळा दोन्ही बाजूंनी धरलेला, आणि पाठीमागून एक आडवी पट्टी, डबीसारखी. वरचं टोक मूळ बोल्टाला आणि शिवाय हाउसिंगच्या ब्रॅकेटच्या अंगाला टेकून, म्हणजे त्याला फिरायला जागाच नाही. वेल्डिंग त्यांनी केलं. मी कापलं, घासलं, भोकं पाडली. पत्रा भंगाराच्या तुकड्यांतून १४ डॉलरला मिळाला, बोल्ट-नटा-वायसर १९ ला. पैसे विचारल्यावर तिओ म्हणाले, इम्पालाचं बॉनेट उतरवायला दोन माणसं लागतात, त्या दिवशी ये. गेलो.

हवा भरायच्या पंपाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टायरचा छोटा बारा व्होल्टचा पंप माझ्याकडे होता, पण या शॉकअपमध्ये हवा इतकी कमी मावते की पंप सुरू केला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काटा ठरलेल्या आकड्याच्या पुढे. आणि साधा गेज लावून नुसता काढला तरी चार-पाच पीएसआय उडून जातात. डोंगरात चालवायच्या सायकलींच्या शॉकअपसाठी हातपंप मिळतो, तो घ्या. व्हॉल्व्ह तोच, काटा ३०० पर्यंत, आणि काढताना हवा जवळजवळ जात नाही. मला ३२ डॉलरला मिळाला. एका बाजूला फार झाले तर दोनेकशे दट्टे मारावे लागतात, तेवढा व्यायाम मला मानवतो. भंगारवाड्यातल्या जुन्या कॅडिलॅकमध्ये मागची उंची आपोआप सांभाळणारा कॉम्प्रेसर असतो, तो काढून आणायचा विचारही केला होता. त्या गाड्यांतही मागे एअर शॉकच असतात, त्यामुळे तो शोभला असता. पण वायरिंग, रिले आणि अजून पैसे. सध्या नको.

सगळा हिशेब २०८ डॉलर, त्यातले २८ वाया गेले.

मग ढोल तोलले. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर एकेक उभा करून. ढोल सरासरी २४ पाउंड, अकराचे २६४. ताशे ४०, ध्वजांचे पाइप ३०, पाणी ५४, ताडपत्री आणि दोर २२. एकूण ४१० पाउंड, म्हणजे १८६ किलो. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं: रिकामी साडेचौदा इंच, ढोल चढल्यावर पावणेतेरा. म्हणजे ते पावणेदोन इंच पुरते संपले. आवाज का येत होता ते इथं दिसलं. मग दोन्ही बाजूंना हवा भरत गेलो. रिकाम्या गाडीत मी २५ ठेवतो, त्याखाली कधीच जात नाही, नाहीतर बाहीचं रबर स्वतःच्याच घडीत चेपतं. ५० ला गाडी सव्वातेराला आली, ७५ ला चौदाला. हिशेबही तेच सांगतो: २५ वरून ७५, म्हणजे ५० वाढले, गुणिले चार चौरस इंच, एका बाजूला २०० पाउंड, दोन्ही मिळून ४००. शॉकअप थोडे तिरके बसतात म्हणून त्यातलं थोडं जातं आणि अर्धा इंच कमी पडतो. मी तिथंच थांबलो. ७५ च्या वर आता कधीच जात नाही.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं: हवेनं गाडीची उंची राखली जाते, गाडीची क्षमता वाढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एकूण वजनाची जी मर्यादा आहे ती तेवढीच राहते. टायर तेच, ब्रेक तेच, पाटे तेच. मागची बाजू खाली नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत, बंपस्टॉप टेकत नाही, एवढंच मिळवलंय आणि एवढंच हवं होतं. हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खाली जायचं तर घोडे लावूनच.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी सहा वाजता ढोल चढवले. मुलगी पंप घेऊन बंपरपाशी बसली होती, मला काट्यावरचे आकडे वाचून दाखवत. "एकाहत्तर… त्र्याहत्तर… पंच्याहत्तर, बाबा, बास." पार्किंगच्या त्याच उतारावर मी गाडी जवळपास थांबवली आणि काच खाली केली. पुढची चाकं उतरली, मग मागची. हौद्यात ढोलांच्या दोऱ्या एकमेकींवर घासल्याचा आवाज आला. खालून काहीच नाही. मागून येणाऱ्या पथकातल्या पोरांनी हॉर्न वाजवला, त्यांना काय माहीत मी कशासाठी थांबलो होतो.

रात्री घरी आल्यावर ढोल उतरवले, दोन्ही व्हॉल्व्ह दाबून हवा २५ वर आणली. सुसकाऱ्यासारखा आवाज करत गाडी आपल्या जागेवर येऊन बसली. तिओ त्यांच्या ओट्यावर होते, त्यांनी हात वर केला.

नव्या ब्रॅकेटचे फोटो मी मामांना पाठवले होते, समोरून, बाजूनं, खालून. तिकडं सकाळ झाल्यावर फोन आला.

"बोल्ट कितीचा घातलास?"

"अर्ध्या इंचाचा, मामा."

"आणि जात कुठली?"

"ग्रेड आठ. म्हणजे आपला दहा-नऊ."

"दोन्हीकडनं धरलाय?"

"दोन्हीकडनं."

"बरं," मामा म्हणाले, आणि मग विचारलं, यंदा किती ढोल होते.